दोन मुहूर्तांपैकी एक

विमलताईंची आणि माझी पहिली भेट अमरावतीत, माझ्याच घराच्या ओट्यावर झाली. उशिरा शिकू पाहणाऱ्या बायकांच्या पदवीवर्गाचे फॉर्म घेऊन त्या दारोदार फिरत होत्या. मी संत्र्यांचा व्यापारी, चौथीत शाळा सोडलेला, तोंडाचा मोकळा. माझ्या पत्नीने, शोभाने, फॉर्म घेतला तसा मी म्हणालो, "मॅडम, या वयात हिले कलेक्टर करून राहिल्या का?"

"कलेक्टरचं माहीत नाही, भाऊ. बी.ए. नक्की करते."

वर्ग दुपारचा, घरची जेवणे आटोपल्यावर. अचलपूरच्या दोघींची एसटी आल्याशिवाय ताई फळ्याला हात लावत नसत. कोणी दोन दिवस दिसली नाही, की तिसऱ्या दिवशी त्या तिच्या स्वयंपाकघरात हजर.

शोभाच्या पदवीमागे मी उभा होतो, असे ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या वाचकांपैकी बरेच जण मानतात. त्यासाठी माझा सत्कारही झाला आणि मी तो मुकाट्याने घेतला. ते खरे नाही.

मुलीच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, भटजींनी दोन दिवस काढून दिले होते. शोभाच्या परीक्षेचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेले होते. मी ते रोज वाचत होतो. तिच्या शेवटच्या पेपरचाच दिवस मी अकोल्याच्या व्याह्यांना कळवला. घरी सांगितले, मुहूर्त एकच निघाला. बायको पदवीधर आणि आपण चौथी, हे मला सोसत नव्हते.  शोभाने वेळापत्रक काढून टाकले.

साक्षगंधाच्या सकाळी ताई आल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मी भटजींना भेटून आले, भाऊ." मग मोठ्याने, "शोभाताई, ऑटो थांबलाय. निघा. पाहुण्यांचं मी पाहते."

पदर खोचून त्यांनी पोहे वाढायला घेतले. विहीणबाईंनी विचारले, "पोरीची माय कुठी गेली वो?"

"बी.ए.च्या पेपरला."

मी मान खाली घातली. विहीणबाई म्हणाल्या, "मंग थांबू ना आमी! मायशिवाय कुंकू लावतेत का कुठी?"

सारे दुपारपर्यंत थांबले.

भटजींची गोष्ट ताईंनी आजवर कोणालाच, शोभालाही सांगितली नाही. तोंडाने सांगायचे मला धैर्य झाले नाही. ती हे इथेच पहिल्यांदा वाचेल.

ताई आता साठीच्या झाल्या. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, त्या शंभरी पाहोत, आणि माझ्यासारखे नवरे त्यांच्या विद्यार्थिनींच्या वाट्याला कमी येवोत.