पिठावरची पावलं

आईला अग्नी दिला त्या संध्याकाळी, जिथे तिचा जीव गेला तिथे आत्याने पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला आणि वर टोपलं पालथं घातलं. गेलेला जीव पुढे कुठल्या जन्माला गेला, त्याची पावलं सकाळी पिठावर उमटतात, असं आमच्या सिरसाळ्याकडे मानतात.

सकाळी टोपलं उचललं. पिठात एक बारीक रेघ होती.

"मुंगी," आत्या म्हणाली. "लई गरीब जीव. कुनाला तरास न्हाई."

"पिठाला मुंगी न्हाई तर काय हत्ती लागंल?" वडील म्हणाले, पण हात त्यांनीही जोडले.

माझी सहा वर्षांची मुलगी उंबऱ्यावर थबकली. अंगणात मुंग्यांची रांग लागली होती.

"आई, यातली आजी कोणती?"

असं काही नसतं, एवढंच सांगायचं होतं. पण तिच्याच वयाची असताना आजोबांच्या पिठावर मला सापाची रेघ दाखवली होती, आणि पुढे कितीतरी वर्षं मी एकटी रानात गेले नव्हते.

मी तिला कडेवर घेतलं. अंगण ओलांडताना माझं पाऊल कुठे पडतंय, ते ती वाकून बघत होती. मीही बघत होते.