बदल्यात काय देल्लं?

"परत म्हण ना. म्हटलंस तर हा देते."

पुण्यातल्या एका शाळेचं अंगण. एक मुलगी चकचकीत बिल्ला माझ्या नाकासमोर धरून उभी. तिच्या मागे पाच-सहा जणी. मी सातवीत होते. अमडापूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेतून आम्ही चौघं विज्ञानाच्या स्पर्धेला आलो होतो. सायकलच्या चाकापासून बनवलेलं कांद्याचं बी टोकायचं यंत्र घेऊन.

तिथे पोरं आपसात बिल्ले बदलत होती. प्रत्येक शाळेचा वेगळा, टोपीला टोचायचा. तुझा मला, माझा तुला. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे द्यायला काही नव्हतं. मी बराच वेळ लाळ गाळत बघत राहिले आणि शेवटी म्हटलं, "मले बी एक दे ना."

आधी सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग हसल्या. मग तो बिल्ला पुढे आला. परत म्हण.

मी म्हटलं. बिल्ला मिळाला.

तिने मैत्रिणींना बोलावलं, त्यांनी आणखी कुणाला. "'मले' म्हणते ती हीच का?" मी म्हणत गेले. कोंबडीपुढे दाणे टाकावेत तसे बिल्ले पडत गेले. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. चौदा बिल्ले. माझ्या टोपीचं कापड दिसेनासं झालं. माझ्यासोबतचे तिघं लांब सरकून, माना खाली घालून उभे होते. ते मला दिसलं होतं. मी दुसरीकडे बघितलं.

दुपारी परीक्षक बाई आमच्या टेबलाशी आल्या. प्रेमळ होत्या. "बी एका वेळी एकच कसं पडतं गं?" बी पडायचं भोक मीच पाडलं होतं, खिळा तापवून, बियाच्या मापाचं. उत्तर तोंडात तयार होतं. पण बाईंच्या मागे ती पहिला बिल्ला देणारी मुलगी उभी होती. ओठ दाबून. आता ही बोलणार, म्हणून. माझी जीभ टाळूला चिकटली. बोलायचं काम माझं ठरलेलं, म्हणून बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं, थोडी वाट पाहिली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

निघताना एक मुलगा धावत आला. त्याच्या बिल्ल्यात दिवा लागायचा. "फक्त एकदा म्हण."

"नाई म्हनत. काऊन म्हनू?"

"काऊन! हे तर नवीनच," तो म्हणाला आणि खूश होऊन त्याने बिल्ला माझ्या टोपीला टोचला. माझ्या रागाचाही बिल्ला. मी तो उपटला आणि त्याच्या हातात कोंबला. पिन माझ्याच बोटात घुसली. तो हसतच गेला.

घरी माय टोपीवरून हात फिरवत बसली. "इतके सारे? बदल्यात काय देल्लं तुनं?"

"काईच नाई," मी म्हटलं.

पुढे माय वारली. खरं काय ते तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. बिल्ले एका डब्यात आहेत, कपाट उघडलं की वाजतात. आजही शहरातल्या कुणाचा फोन आला की बोलण्याआधी माझी जीभ मागे वळून बघते, कोण हसतंय. हे लिहितानाही मी 'मला' असंच लिहीत आले आहे.

आता मी शिक्षिका आहे. सोमवारी माझ्या वर्गातली चार लेकरं घेऊन तसल्याच एका स्पर्धेला निघाले आहे. यावेळी बिल्ले आधीच बनवून ठेवलेत, पत्र्याचे. काल तो डबा मी वर्गात उघडला आणि हे चौदा कसे मिळाले ते सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. एका पोरीने विचारलं, "म्याडम, तुमाले बिल्ला एवढा पाह्यजे होता?"

"हाव. लय पाह्यजे होता."

मग म्हटलं, "बिल्ल्याच्या बदल्यात बिल्ला द्या. दुसरं काई मांगलं, त नाई म्हना. हसले त हसू द्या. आन परीक्षकानं इचारलं, त घरी बोलता तसं बोला. थांबायचं नाई."

परीक्षकांच्या मागे यावेळी मी उभी राहणार आहे.