वरणाच्या बोटानं काढलेलं फूल

भूतबित, दृष्ट, संकेत असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. हदगावला आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो मी. कारणाशिवाय काही घडत नाही, हे पोरांना सांगून घसा कोरडा झाला... तरी हे लिहितोय.

नऊ वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडलो, तेव्हा लातूरला मांडीत प्लेट बसवली होती. सात स्क्रू. गेल्या उन्हाळ्यात पायरी उतरताना आतून कट्‌कन आवाज आला अन् खाली बसलो. नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला – प्लेट मधोमध तुटलेली.

"काढून नवी बसवू. पण स्क्रूच्या डोक्याची खाच कशी आहे, ते कळायला जुनी फाईल लागेल. चुकीच्या पान्यानं खाच घासली, तर हाड कापूनच स्क्रू काढावा लागतो. पाय आखूड होऊ शकतो."

फाईल नव्हती. मी बरा झाल्यावर आईनंच ती गोदावरीत सोडली होती. दवाखान्याचे कागद घरात ठेवले की दुखणं माघारी येतं म्हणे! लातूरचा तो दवाखानाही बंद पडलेला. मी आईला नाही नाही ते बोललो, मग दोन दिवस बोललोच नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती वॉर्डात डबा घेऊन बसली होती. वरणाचं बोट रिकाम्या ताटावर फिरवत होती... सहा पाकळ्यांचं फूल. पुसायची, पुन्हा तेच काढायची.

"काय करून राहिलीस? गप जेव."

"त्या खिळ्याचं तोंड असं हाय, लेकरा."

मला चीडच आली. स्क्रू हाडात, हिनं ते बघितले कधी? पण राउंडला आलेले डॉक्टर ताटाकडे बघतच राहिले.

"आजी, असा पाना असतो खरा. मी षटकोनी मागवलाय... हाही मागवून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सातही स्क्रू त्या फुलाच्या पान्यानंच अलगद निघाले. डॉक्टरांनी विचारलं तर आई म्हणाली, "मला काय ठावं. बोट आपसूक फिरलं."

आईनं जुन्या फाईलवर चित्र बघितलं असेल म्हणून प्लेट-स्क्रू विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, फाईलीत लावतात त्या स्टिकरवर नाव अन् नंबर असतात, चित्र नसतं. मग? मला माहीत नाही. शोधून थकलो.

घरी आल्यावर आईनं मला सरळ झोपवलं आणि दोन्ही टाचा एकमेकींना लावून बघितल्या. सारख्या. "चुकलो गं आई," मी म्हणालो. तेव्हा कुठं ती रडली.