अभद्र बोलण्याचा सराव

"आता मला मोठ्यानं सांगा, इथे काय काय वाईट होऊ शकतं," शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

रस्ता अगदी साधा होता. इंग्लंडातल्या आमच्या स्लाऊ गावातला, रोजचा. दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या, पुढे प्राथमिक शाळा, ताशी वीस मैलांची पाटी. या रस्त्यावरून मी भाजी आणायला जाते. बाई निवृत्त शिक्षिका. अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हिंगच्या परीक्षेसाठी लोकांची तयारी करून घेणारे स्वयंसेवक इथे असतात, त्यांना ऑब्झर्व्हर म्हणतात, या त्यातल्या. रविवारी सकाळी त्या माझ्याच गाडीत माझ्या शेजारी बसायच्या आणि मी चालवायचे. गाडी चालवता चालवता समोर काय दिसतंय, काय दिसत नाहीये आणि पुढे काय होऊ शकतं हे बोलत जायचं, हा त्या तयारीचा मोठा भाग. दिसतंय ते मी बोलले. लाल गाडी, पांढरी व्हॅन, झेब्रा क्रॉसिंग. बाई वाट पाहत राहिल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "व्हॅनमागून एखादं मूल धावत येऊ शकतं. म्हणा."

मला म्हणवेना. उलट मनातल्या मनात मी ‘इडा पिडा टळो’ म्हणून घेतलं.

त्यांना कसं समजावणार? मी वाढले साताऱ्याला, अशा घरात जिथे तांदूळ कधी संपत नसत, ‘वाढत’. बांगडी फुटत नसे, तीही ‘वाढवायची’. कोणी बाहेर निघालं की ‘जातो’ म्हटलेलं आईला चालत नसे. तोंडातून चुकून काही वेडंवाकडं निघालं तर ती पाठीत धपाटा घालून म्हणे, "शुभ बोल नाऱ्या! वास्तुपुरुष तथास्तु म्हणत फिरत असतो." साठी ओलांडली तरी तो धपाटा माझ्या पाठीत आहे. आणि आता ही गोरी बाई मला सांगत होती की पोर गाडीखाली येऊ शकतं असं तोंडानं म्हण, तेही शाळेसमोर.

मुळात मी भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे त्याचं अख्खं कुटुंब असतं. गावातल्या गावात मी पुष्कळ वर्षं गाडी चालवली, पण मोटरवेवर, म्हणजे इथल्या एक्सप्रेस हायवेवर, कधी नाही. ते आमच्या ह्यांचं खातं होतं. लेकीकडे ब्रॅकनेलला जायचं, विमानतळावर कोणाला आणायला जायचं, की हे चालवणार आणि मी शेजारी डबा सांभाळत बसणार. मग मधुमेहानं त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब केला. त्यांनी लायसन्स परत पाठवलं, किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि टीव्ही लावला.

डाव्या डोळ्यात दर काही आठवड्यांनी इंजेक्शन द्यावं लागतं. ते देणारं क्लिनिक मोटरवेच्या पलीकडच्या गावी हललं. हॉस्पिटलची गाडी न्यायला यायची, पण ती सगळ्या पेशंटना गोळा करत फिरायची, आणि एकदा ती इतकी उशिरा आली की वेळ टळून गेली होती. फोनवरच्या नर्सनं सरळ सांगितलं, चुकलेलं इंजेक्शन भरून निघत नाही, गेलेली नजर परत येत नाही.

लेकीनं त्याच आठवड्यात या परीक्षेच्या तयारीसाठी माझं नाव घातलं. "आई, बाबाचा अपॉइंटमेंट परत मिस नाय झाला पाहिजे," ती म्हणाली. "मला ऑफिसमधून दर वेळी टाइम ऑफ नाही भेटणार. तू प्रॉपरली शिक. मग मोटरवे इज नथिंग."

नथिंग! पहिल्यांदा बाईंनी मला मोटरवेवर चढवलं तेव्हा ते नथिंग केवढं मोठं आहे ते कळलं. चढायच्या पट्ट्यावर वेग कमी करायचा नसतो, वाढवायचा असतो. शेजारून पंचावन्न-साठच्या वेगानं ट्रक चाललेले असताना आपणही तेवढाच वेग गाठायचा आणि दोन ट्रकांमधल्या फटीत शिरायचं. माझा पाय आपोआप ब्रेककडे जाई. "इथे थांबलात तर मागचा आदळेल," बाई शांतपणे म्हणायच्या. त्यांच्या त्या शांतपणाचा मला संताप यायचा. त्यात आमच्याकडच्या मोटरवेवर कडेची मोकळी लेन काढून तिथेही वाहतूक सोडली आहे. गाडी बंद पडली तर जायचं कुठे? मी रात्री डोळे मिटले की उजव्या आरशात ट्रकचं तोंड यायचं, कुशीवर वळलं तरी जायचं नाही.

बाईंचं म्हणणं असं, की ही भीती माझ्याजवळ आहेच, पण मी ती मुकाट्यानं बाळगते, म्हणून ती कामाला येत नाही. रस्त्यावर ताजी लीद दिसली तर वळणापुढे घोडा असेल. फुटपाथवर कचऱ्याचे डबे ओळीनं काढून ठेवलेत तर कचऱ्याची लॉरी जवळपास असेल. हे बोललं की पाय वेळेवर ढिला पडतो. पटत होतं मला. पण जीभ वळत नव्हती. लीद, डबे, बसमागून उतरणारे लोक, इथपर्यंत मी आले. जिथे माणसाला इजा व्हायची गोष्ट येई तिथे माझा आवाज घशातच राही. बाई वहीत काही लिहीत नसत की रागावत नसत. "तुमच्या नेहमीच्या पॅसेंजरला घेऊन सराव करा," एवढंच एका रविवारी म्हणाल्या.

नेहमीचा पॅसेंजर म्हणजे हे. पुढच्या शनिवारी मी त्यांना घेऊन निघाले, ब्रॅकनेलकडे, आतल्या रस्त्यानं. हे शेजारी असताना तर अभद्र शब्द काढायची सोयच नव्हती. आजारी माणसासमोर कोणी काढतं का? मी ओठ घट्ट मिटून चालवत होते. त्यांचा एक हात दाराच्या मुठीवर होता, दुसरा सीटबेल्टवर. एका वळणानंतर सायकलवाला आला, मी ब्रेक दाबला, आणि हे ओरडले. माझ्या उभ्या संसारात मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

मी एका शेताच्या फाटकापाशी गाडी उभी केली. "काय झालं हो?"

"तू बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"काहीही बोल. तुझ्या त्या बाई शिकवतात ते बोल. तू गप्प बसलीस की मला वाटतं काहीतरी येतंय. तुला दिसतंय आणि मला सांगत नाहीयेस." त्यांच्या कपाळावर घाम होता. इतके दिवस मी समजत होते की गाडीत भीती वाटते ती मला एकटीलाच.

मग मी बोलायला लागले, मराठीतून. "पुढे उतार आहे. खाली चिखल सांडलाय, ट्रॅक्टर असेल. डावीकडे दाट कुंपण, त्यापलीकडे मला दिसत नाही." "बरं," हे म्हणाले. "कोणी फाटकातून एकदम बाहेर येऊ शकतं," मी म्हणाले, आणि माझी मलाच धडकी भरली, म्हणून घाईघाईनं पुढचं बोलले, "म्हणून मी वेग कमी करतेय." "बरं," हे पुन्हा म्हणाले. ब्रॅकनेल येईपर्यंत त्यांचा हात मुठीवरून मांडीवर आला होता. लेकीच्या दारात उतरताना ते म्हणाले, "मधल्या चौकात तू काही बोलली नाहीस." बोलले नव्हते खरं. तिथे मोटारसायकलवाला अगदी जवळून गेला होता.

परीक्षेच्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती. परीक्षक पोलिसातले निवृत्त, उंच, टापटीप. त्यांनी हस्तांदोलन केलं तेव्हा माझा तळवा ओला होता आणि त्यांनी आपला हात नकळत पॅन्टला पुसला. मोटरवेवर त्यांनी मला बोलत चालवायला सांगितलं. लेनच्या वरच्या पाटीवर लाल क्रॉस दिसला, म्हणजे ती लेन बंद, पुढे कोणाची तरी गाडी अडकलेली. मी उजवीकडे सरकले आणि म्हणाले, "गाडीतली माणसं कदाचित बाहेर उभी असतील. कोणी रस्त्यात येऊ शकतं. कोणाला लागलेलंही असू शकतं." इंग्रजीत ते जरा सोपं गेलं, आईला इंग्रजी येत नव्हतं. अडकलेली गाडी मागे पडली. माणसं कठड्याच्या पलीकडे सुखरूप उभी होती, त्यातला एक सँडविच खात होता. मी पास झाले. लेकीनं फोनवर किंचाळून घर डोक्यावर घेतलं, हे "छान" म्हणाले, आणि मला वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही, कारण इंजेक्शन पुढच्याच आठवड्यात होतं आणि आता न नेण्याला सबब उरली नव्हती.

त्या सकाळी मी त्यांना घेऊन मोटरवेवर चढले. सबंध वाटेत बोलत होते, घसा कोरडा पडेपर्यंत. ट्रक, ट्रकमागचा ट्रक, इंडिकेटर न देता सरकणारी राखाडी गाडी. हे अधूनमधून "बरं" म्हणत. आम्ही वेळेआधी पोचलो. हॉस्पिटलच्या आवारात जागा शोधून मी गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि वेळ व्हायची होती म्हणून तशीच बसून राहिले.

"आता माझ्या डोळ्यांचं सांग," हे म्हणाले. "रस्त्याचं सांगतेस तसं."

"म्हणजे काय?"

"काय दिसतंय, काय दिसत नाही, काय होऊ शकतं."

मी विंडस्क्रीनमधून समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "उजव्या डोळ्यानं दिसत नाही. डावा चांगला आहे."

"आणि होऊ शकतं काय?"

आमच्या घरात वर्षभर याचं उत्तर कोणी उच्चारलं नव्हतं. मी नाही, त्यांनी नाही, फोनवर लेकीनंही नाही. मला वाटलं, हे तोंडातून काढलं तर मीच ते केल्यासारखं होईल. पण ते माझ्याकडे तोंड वळवून थांबले होते, शेताच्या फाटकापाशी थांबले होते तसेच घाबरलेले.

"डावाही जाऊ शकतो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग चाचपत सीटबेल्टचं बक्कल सोडवलं. "एक चुकलं तुझं," ते म्हणाले. "डावा चांगला नाहीये. दिवाळीपासून मला तुझा चेहरा दिसत नाही. केस दिसतात, कानातलं चमकतं ते दिसतं. मधे नुसता डाग."

दिवाळीपासून. क्लिनिकमध्ये ते एकटेच आत जायचे आणि बाहेर येऊन ‘ठीक आहे’ म्हणायचे. पेपर वाचायचा कंटाळा येतो म्हणायचे, तेही मी खरं मानलं होतं. आणि मी रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना चेहरा मुद्दाम हसरा करत होते, की माझी भीती त्यांना दिसू नये. इतके महिने मी कोणासाठी हसत होते? मला पहिल्यांदा राग आला, त्यांचा आणि माझाही, आणि मग राग उरला नाही.

"काय करतेयस?" त्यांनी विचारलं. मी आवाज होऊ दिला नव्हता.

"रडतेय," मी म्हणाले. "आणि मला भीती वाटतेय."

"मलाही," ते म्हणाले.

वेळ झाल्यावर मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं, पायरी कुठे आहे ते सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत आतपर्यंत गेले.