डिक्कीतले बाबा

मी संशयी आहे. हे लपवून उपयोग नाही, कारण आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवून पाहणारी बाई मीच. भाजीवाल्यानं वांगं उचललं की मी आधी त्याच्या हाताकडे पाहते, वांग्याकडे नंतर. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, तू देवाले मानत नाई तेच बरं हाय. नाईतर त्यालेही पावती मांगली असती."

तर गाडीतल्या बाकीच्या पाच सीड्या सुरळीत वाजतात आणि बाबांची तेवढी लावली की 'एरर' येतो, हे कळलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, यात कोणाचा तरी हात आहे.

गाडी बाबांची. निवृत्तीनंतर त्यांनी ती जुनीच घेतली होती. पुढे रेडिओसारखा डबा, त्यावर बटणं, पण सीड्या तिथं जातच नाहीत. त्या मागं डिक्कीत. तिथं एक लोखंडी पेटी बसवलेली, तिला चेंजर म्हणायचं. पेटीत एक चपटा कप्पा सरकतो आणि कप्प्यात पातळ पट्ट्यांवर सहा सीड्या एकावर एक बसतात. बटण पुढे दाबायचं, सीडी मागं बदलते. बाबांना त्याचं भारी कौतुक. पाहुणा आला की चहाच्या आधी डिक्की उघडलीच म्हणून समजा.

बाबा भीमगीतं गायचे. त्यांची गायनपार्टी होती. एप्रिल आला की माणूस घरी सापडायचा नाही, आज या गावात तर उद्या त्या गावात. पण त्यांचा आवाज कोणी कधी टिपून ठेवला नाही. फक्त निवृत्तीच्या दिवशी आमच्याच अंगणात मांडव घालून कार्यक्रम झाला, तेव्हा पार्टीतल्या एकानं रेकॉर्डिंग केलं आणि एकच सीडी करून दिली. वर बाबांचा फोटो छापलेला, निळा फेटा बांधलेला, तोंड उघडं, हात वर. बाबांनी ती कधी लावली नाही. म्हणायचे, "आपलाच आवाज आपुन काय ऐकाचा!" ते गेल्यावर सीडी शोकेसमध्ये उभी राहिली. घरातला प्लेअर केव्हाच भंगारात गेला होता. झेरॉक्सच्या दुकानात नेली, तर तिथल्या नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नाही.

गाडी हल्ली चालण्यापेक्षा उभीच जास्त. भावानं ती विकायची ठरवली. केनवडचा एक गिऱ्हाईक रविवारी पाहायला येणार होता. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"विका. पन त्याच्या आंधी मले तुया बापाचं गानं एकदा ऐकू द्या."

मी चकित झाले. म्हटलं, "माय, तू तं जन्मभर ऐकलं असशीन."

"कुठचं वं! सैपाकघरातून काय ऐकू येते? साऱ्या दुनियेले ऐकवलं त्यानं. मले एका दिवशी तरी म्हटलं काय, ये, बस म्हणून? मी काळी, अडानी. चार बायाईत मले बसवाची लाज वाटे त्याले."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं तिखट संपलं म्हणून सांगावं. इतकी वर्षं ती हा काटा घेऊन भाकरी थापत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. संशय माझ्या अंगात कुठून आला, तेही त्या दिवशी कळलं.

मी वाशीमच्या शाळेत शिकवते. सुटी टाकून इथंच राहिले आणि कामाला लागले. कप्पा काढला, एक सीडी बाहेर काढून तिच्या जागी बाबांची टाकली, बटण दाबलं. मागं डिक्कीत घुर्र घुर्र झालं, जरा थांबलं, पुन्हा घुर्र झालं आणि पुढे अक्षरं आली, एरर. काढली, ओढणीनं पुसली, परत टाकली. एरर. शेजारची सीडी लावली, तर ती ठणठणीत वाजली.

माझा पहिला संशय भावावर गेला. आईनं आवाज ऐकला की ती गाडी विकू देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. मग ह्यानंच खरी सीडी लपवून तिच्या जागी कोरी ठेवली नसेल कशावरून? मी सरळ विचारलं.

"खरी सीडी कुठं ठेवली?"

"बाप्पा! ताई, तुयं डोकं ठिकान्यावर हाय ना? फोटो पाय न त्याच्यावर! बाबा कोनाचे, माये नाई काय?"

"फोटो कोनीही छापून देते."

तो रागानं जेवला नाही. मी मात्र जेवले, पण सीडी उशाशी घेऊन.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी गाडी घेऊन मंगरूळपीरला गेलो. स्टँडच्या मागं एक म्हातारे उस्ताद गाड्यांचं वायरिंग करतात. भावाची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणजे माझ्या हिशेबानं दोघं मिळालेले. निघायच्या आधी मी सीडीच्या काठाला आणि डिक्कीतल्या पेटीच्या खाली लाल नेलपॉलिशचा टिपका लावून ठेवला. बदलाबदल झाली तर कळायला हवी ना!

उस्तादांनी पेटी खोलली, आतली काच कापसानं पुसली, फ्यूज पाहिला. मग स्वतःची एक कव्वालीची सीडी कप्प्यात टाकली. पहिल्या झटक्यात वाजली. रस्त्यावरची दोन माणसं ऐकायला थांबली.

"बाई, मशीन एकदम चोख हाय. तुमचीच सीडी बिगडली असन. द्या इकडं, मी टाकून पाह्यतो."

"सीडीले हात लावाचा नाई," मी म्हटलं. "मी टाकते."

त्यांनी भावाकडे पाहिलं. भावानं आभाळाकडे पाहिलं. मी सीडी टाकली, एरर आला. उस्ताद म्हणाले, "मंग मी काय करू, बाई? मरीज दाखवाचा नाई आन् दवाई मांगाची!" मी पेटीखालचा लाल टिपका तपासला, जागेवर होता. तरी परतीच्या वाटेवर मला वाटतच राहिलं की हे दोघं डोळ्यांनी काहीतरी बोलले.

रविवारी केनवडचा गिऱ्हाईक आला. माणूस बरा होता, पण टायरला लाथा मारून पाहत होता, ते मला आवडलं नाही. आई ओट्यावर बसून होती. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, कशासाठी ते कोणी विचारलं नाही. भाऊ म्हणाला, "मी बाबाची सीडी काढून घेतो," आणि कप्पा ओढून ओट्यावर आईच्या पुढ्यात ठेवला. एकेक पट्टी बाहेर सरकवली. पाच सीड्या चकचकीत बाजू वर करून बसलेल्या. त्यांच्यात बाबा तेवढे तोंड वर करून गात होते.

आई वाकून पाहायला लागली.

"बाकीच्या साऱ्या उपड्या काहून हायेत?"

"बाबानंच टाकल्या होत्या तशा," भाऊ म्हणाला.

"मंग त्याची कोनं उताणी टाकली?"

मी टाकली होती. भावानंही आधी तशीच टाकून पाहिली होती. वेगळी कशी टाकणार? आमच्या घरात फोटो उपडा ठेवायची रीतच नाही. घराला रंग द्यायला फोटो उतरवले तरी ते भिंतीला टेकून उभे राहतात, नाहीतर तोंड वर करून खाटेवर. लहानपणी एकदा आजोबांचा फोटो मी उपडा ठेवला, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता, "मानसाले मातीत तोंड खुपसून ठेवते काय वं?" हात आपोआप तसेच वळायचे. कप्प्यावर 'चकचकीत बाजू वर' अशी बाणाची खूण होती, पण तिच्याकडे पाहतो कोण? मी लोकांच्या हातांकडे पाहत होते.

आता कळलं तरी हात पुढे होईना. भाऊ माझ्याकडे पाहतो, मी त्याच्याकडे. शेवटी आईनंच सीडी उचलली, कपाळाला लावली, "भाकर फिरवली नाई तं करपनच," असं काहीसं पुटपुटली आणि बाबांना उपडं ठेवलं. ठेवल्यावर पदरानं हात पुसले.

मी तिला पुढच्या सीटवर बसवलं. गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकून उभा राहिला. भावानं बटण दाबलं. डिक्कीत घुर्र झालं. मग खरखर, माणसांचा गलबला, हार्मोनियमचा सूर आणि मग बाबा. खाकरले आधी. ते खाकरणं ऐकूनच भाऊ तिकडे तोंड फिरवून रडायला लागला.

"थांबा, थांबा," बाबा म्हणाले. "पोट्ट्याईची माय कुठं हाय?"

"भाकरी करून राह्यल्या!" लांबून कोणीतरी ओरडलं.

"बोलवू काय?" दुसरा आवाज.

"नोका बोलवू. ते पिठापासून उठत नाई, तिले वाटते पीठ चोरून नेतात लोक." मांडवभर हसू पसरलं. बाबाही हसले. मग आवाज बदलला. "असं करा, एक भोंगा चुलीकडं फिरवा. तिले नीट ऐकू गेलं पाह्यजे. फिरवा आंधी. तोवर मी सुरू करत नाई."

काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि गाणं सुरू झालं.

आईनं डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता.

"थो भोंगा," ती म्हणाली. "एकदम कानापाशी कोकलाले लागला थो. मले वाटलं, पोट्टे मुद्दाम चिडवून राह्यले. बम शिव्या देल्ल्या मी त्याईले. मीनंच फिरवाले लावला वं. रस्त्याकडं."

केनवडचा माणूस हळूच भावाला म्हणाला, "मी नंतर येतो," आणि निघून गेला.

बाबा गात होते. कडवं संपलं, दुसरं लागलं. आईनं डोळे पुसले नाहीत. समोरच्या बटणांकडे बोट केलं आणि मला म्हणाली,

"आवाज वाढव. आनखी वाढव."