घासून गेलेला चॅसी नंबर

ये अशी, जवळ बस जरा. तू तिकडे आणि मी इकडे इंदिरानगरात, तरी तू समोर बसली आहेस असं धरूनच लिहिते, कारण रागवायला माणूस समोर लागतं. सख्ख्या बहिणीची मुलगी तू, आणि सगळ्या नात्यात सांगत सुटलीस की मावशीनं काकांची गाडी भंगारात घातली. मला एकदा विचारायचंस तरी. फोन करायला काय मुहूर्त लागतो? आता गप्प बसून सगळं ऐक, मधेमधे "हो गं, हो गं" करू नकोस.

गाडी म्हणजे ती लाल, बुटकी, बिनछपराची विलायती गाडी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतली. शर्यतीत पळवायची गाडी म्हणे. आमच्याकडे तिनं शर्यत एकच केली, मखमलाबादच्या मळ्यातून पहाटे फुलबाजार गाठायची. टेम्पो बंद पडला की हे शेजारच्या सीटवर झेंडूच्या पाट्या रचून निघायचे, आणि बाजारातली माणसं फुलं सोडून गाडीच बघत बसायची. पुढे मळा दिरांच्या वाट्याला गेला, आम्ही इथं बंगला बांधला, गाडी अंगणातल्या शेडमध्ये आली. हे जाऊन तीन वर्षं झाली, आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर.

यंदा मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत गाडी तुझ्या नावावर झाली तर ठेव. नाही झाली तर मी भंगारवाल्याला बोलावतो. बिनकागदाची गाडी ठेवून करायचं काय? मी आलो की माझी गाडी उन्हात लावावी लागते."

वर्षातून दोनदा येतो तो. त्या दोन वेळांसाठी त्याच्या गाडीला सावली पाहिजे. मी मनात हट्ट धरला. मळा दिरांचा, बंगला मुलाचा, लाइटबिलसुद्धा अजून ह्यांच्या नावानं येतं. म्हटलं, एक वस्तू तरी असू दे जिच्या कागदावर माझं नाव आहे.

तर फॉर्म भरायचा ठरला. मुलानं व्हिडिओ कॉल लावला. "आई, गाडीचं आरसी पुस्तक सापडेल तेव्हा सापडेल, तू बॉनेट उघड आणि नंबर वाच." मी उघडलं. इंजिनावर एक पट्टी दिसली, ती वाचली. त्यानं भरली. आठ दिवसांनी फॉर्म परत. तो म्हणे इंजिनाचा नंबर होता, चॅसीचा, म्हणजे सांगाड्याचा, नाही. "मग आधी सांगायचंस ना," मी म्हटलं. "आई, मला वाटलं तुला माहीत असेल," तो म्हणाला. मला कशावरून माहीत असेल? मग दुसरी एक चिमुकली पट्टी सापडली, ती निघाली वरच्या बॉडीची. एका गाडीला तीन-तीन आकडे. मी चिडले खरी, पण मग वाटलं, आपलं तरी काय निराळं आहे? माहेरी एक नाव, सासरी दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. आपल्यालाही कोणीतरी खिडकीतून विचारतंच ना, "यातल्या तुम्ही कोणत्या?"

चॅसीची पट्टी शेवटी सापडली. सापडली काय, समोरच होती. बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर रिव्हेटनं ठोकलेली, आगपेटीएवढी. ती मी चांगली ओळखत होते. किती चांगली, ते पुढे सांगते. तोवर पुस्तकही सापडलं, म्हणून मुलानं त्यातलाच नंबर भरला.

गाडी सुरू होत नव्हती म्हणून टेम्पोवर चढवून आरटीओत तपासणीला नेली. ज्या टेम्पोच्या बदली ती धावायची, त्याच्याच पाठीवर बसून गेली बिचारी. इन्स्पेक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं पट्टीवर पातळ कागद ठेवला आणि वरून पेन्सिल फिरवली. आकड्यांची छाप उठते, ती आरसी पुस्तकातल्या आकड्याशी जुळवतात, अशी त्यांची रीत. त्यानं कागद उचलला, उजेडात धरला, आणि माझ्यापुढे केला.

"मावशी, हे बघा. सुरुवातीची अक्षरं आहेत. शेवटचे तीन आकडे कुठे गेले?"

खरंच, तिथं नुसता काळा पट्टा होता, सपाट.

"गेले म्हणजे? पत्र्यावरचे आकडे कुठे जाणार साहेब?"

"तेच विचारतोय. कोणी घासून काढलेत का? चोरीच्या गाड्यांचे काढतात तसे."

चोरीच्या. माझा पाराच चढला. मी म्हटलं, "साहेब, चोर माणूस चोरीच्या गाडीला दर खंडेनवमीला घासूनपुसून हळदकुंकू वाहतो का?"

आणि "घासूनपुसून" म्हणता म्हणताच मला पट्टीचं कोडं उलगडलं.

आता तुला सांगते, आणि हे तू कोणाला सांगू नकोस. आमच्या मळ्यात खंडेनवमीला सगळं धुऊन पुजायचं. खुरपी, विळे, फवारणीचा पंप, तराजू, टेम्पो. गाडी आली त्या वर्षी सासूबाई बॉनेटमध्ये वाकून बघत होत्या. त्यांना ती पट्टी दिसली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, कोणी दिलं, कोणाच्या लग्नात दिलं, तसंच त्यांना वाटलं. म्हणाल्या, "सूनबाई, हिच्यावर विलायतेत नाव घातलंय बघ. नावाची जागा काळी ठेवायची नाय." झालं. त्या वर्षापासून चिंच आणि रांगोळी घेऊन मी ती पट्टी घासायला लागले. चाळीसएक वर्षं, एकही खंडेनवमी चुकवली नाही. देवाची तबकं घासावीत तशी. हे शेजारी आरती घेऊन उभे असायचे आणि म्हणायचे, "वा, काय लखलखतेय." ज्या माणसाला त्या गाडीचा खिळा न् खिळा तोंडपाठ, त्याला एकदाही वाटलं नाही की बाई, एवढ्या जोरात घासू नको. यंदा तर साहेब तपासणार म्हणून चारच दिवस आधी मी जरा जास्तच जोर लावला होता.

इन्स्पेक्टरला मी एवढंच म्हटलं, "पट्टीचं वय झालं, साहेब."

तो म्हणाला, "दुसरीकडे कुठे हाच नंबर असेल तर दाखवा. नाहीतर मला फाइल बंद करावी लागेल." त्याचंही बरोबरच होतं. तेच तर जास्त झोंबलं.

गाडी परत टेम्पोवर, परत शेडमध्ये. शेजारचे भाऊजी आले. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते, आता निवृत्त, आणि आमच्या गाडीवर त्यांचा पहिल्यापासून डोळा. पट्टीवर बोट फिरवून म्हणाले, "वहिनी, हे कोणी केलं?"

"कोणी केलं म्हणजे? तुमच्याकडे विळा घासत नाहीत का खंडेनवमीला?"

"विळ्याला चॅसी नंबर नसतो, वहिनी."

दोन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही.

मुलानं मग कुठूनतरी इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा तक्ता मिळवला. पट्टीवरचं एकेक अक्षर म्हणजे काय, ते त्यात होतं. भाऊजी चष्मा लावून वाचत होते, मी पुस्तकातला पूर्ण नंबर धरून बसले होते. पहिलं अक्षर गाडीच्या जातीचं. दुसरं सांगतं, उघडी आणि दोघांची. अक्षरांनंतरचा पहिला आकडा म्हणजे उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, परदेशी पाठवायला केलेली. इथवर सगळं आमच्या गाडीशी जुळलं.

"आणि मधलं तिसरं अक्षर रंगाचं," भाऊजी म्हणाले. "हे आहे काळ्या रंगाचं."

"लाल आहे ती."

"आज लाल आहे. जन्मली काळी."

आता मला सांग, काय करायचं? अख्खा जन्म हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "कंपनीचा लाल आहे हो, एक थेंब बाहेरचा नाही." पाहुण्यांना चहा देतानासुद्धा तेच. भाऊजींनी मागच्या बाजूला, जादाच्या चाकाखाली, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी नखाएवढा रंग खरवडला. लालाखाली काळा. म्हाताऱ्या पारशानं कधीतरी रंग बदलला असणार आणि ह्यांना विकताना गोड बोलला असणार. मी ह्यांच्या फोटोकडे बघून चांगलं तासभर बोलले. उत्तर कोण देणार? भांडण एकटीनं करायला मजा नाही गं.

पण एक झालं. पुस्तकात लिहिलेली अक्षरं ह्याच गाडीची, एवढं आमचं आम्हाला पटलं. साहेबाला पटण्याजोगं मात्र काही नव्हतं, आणि दिवाळी बारा-तेरा दिवसांवर आली.

मग मुलाचा फोन. त्या हौशी लोकांपैकी कोणीतरी कळवलं होतं की पट्टी तर असतेच, पण हाच नंबर गाडीच्या खालच्या सांगाड्यावरही ठोकलेला असतो, डाव्या अंगाला, पुढच्या चाकाच्या मागे. "भाऊजींना खाली झोपून बघायला सांग," तो म्हणाला. भाऊजींचे गुडघे तुला माहीत आहेत, ते खाली बसले तर त्यांना उठवायला दोघं लागतात. तेव्हा चटई अंथरून मीच आडवी झाले. ह्या वयात. समोरच्या बाल्कनीतली बाई विचारते, "काकू, पडलात का?" म्हटलं, "नाही, आराम करतेय."

खाली काय होतं म्हणून सांगू. मळ्यातला चिखल, ग्रीस, त्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटून काळ्या झालेल्या, सगळ्याचा दगड झालेला. भाऊजींनी खुर्चीतून तारेचा ब्रश पुढे केला.

"तो आधी लांब ठेवा," मी म्हटलं. "आता ह्या गाडीवर कोणी काही घासायचं नाही."

जुन्या सुती साडीचा बोळा डिझेलमध्ये भिजवून मी नुसती टिपत राहिले. टिपायचं, थांबायचं, परत टिपायचं. भाऊजी वरून, "वहिनी, जरा पुढे. अजून पुढे. आता मागे."

"भाऊजी, तुम्ही क्रिकेटची कॉमेंटरी करताय का?"

"मी आपला अंदाज सांगतोय."

"अंदाज तुमच्याकडेच ठेवा. डिझेल माझ्या डोळ्यात जातंय."

दोन दुपारी गेल्या. मान धरली, केसांना वास येत होता, आणि दर अर्ध्या तासानं मुलाचा मेसेज, "सापडला का?" दुसऱ्या दुपारी बोटाला काहीतरी लागलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून मी बोटानंच वाचलं. आधी एक खाच, मग वाटोळं, मग परत वाटोळं. टॉर्च धरली. आकडे होते, सगळे, शेवटच्या तिन्हींसकट, काल ठोकल्यासारखे खोल. मी एकेक मोठ्यानं म्हटला आणि भाऊजी पुस्तकात बघून "हं, हं" करत गेले. शेवटच्याला त्यांचा "हं" जरा उशिरा आला. मला वाटलं, गेलं. पण त्यांचा चष्मा घसरला होता.

पूर्ण जुळला. जिथं माझा हात कधी पोहोचला नाही, तिथंच आकडा शाबूत राहिला होता. तिथंच पडल्या पडल्या मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, रडताय का?" म्हटलं, "डिझेल."

परत टेम्पो. या वेळी मी चटई बरोबर नेली. इन्स्पेक्टर गणवेशासकट तिच्यावर आडवा झाला, कागद लावला, पेन्सिल फिरवली, बाहेर येऊन छाप पुस्तकाशी ताडून बघितली.

"जुळतोय, मावशी." मग म्हणाला, "गाडी चालू होते का? जरा फिरवून दाखवा."

इंजिन भाऊजींनी तेवढ्या दिवसांत खटपट करून सुरू केलं होतं, पण त्यांचा गुडघा क्लच दाबायला तयार नव्हता. मी दार उघडून बसले.

"तुम्ही चालवणार?" तो म्हणाला.

"साहेब, झेंडूचा टेम्पो चालवलाय मी. लायसन्स बघायचंय का?"

खरं सांगू, त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होते. इतकी वर्षं माझी जागा पलीकडची, मांडीवर पाटी घेऊन. एकदा गाडी आचका देऊन बंद पडली. रांगेतली रिक्षावाली मंडळी हसली. दुसऱ्यांदा नीट निघाली, आणि मी मैदानाला एक पूर्ण फेरी मारली, साहेबानं हात केला तरी थांबले नाही, दुसरी पण मारली.

दिवाळीच्या दोन दिवस आधी मोबाइलवर मेसेज आला. गाडीची मालक म्हणून माझं नाव. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं आई. मग मी माझी गाडी कुठे लावू?" मी म्हटलं, "उन्हात."

तर भंगारात काही गेलेलं नाही, कळलं? गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर मारायची असं मी ठरवून ठेवलंय. पण उजवीकडे वळलं की डाव्या बाजूचं दार आपोआप उघडतं. भाऊजी रोज "उद्या करतो" म्हणतात आणि त्यांचा उद्या काही उजाडत नाही. शेजारच्या सीटवर बसून दार धरणारं माणूस हवंय मला, आणि जे वाटेत गप्पाही मारेल असं. या रविवारी ये. नाही जमलं तर पुढच्या रविवारी, पण त्यापुढे ढकलू नकोस. केस बांधून ये, वारं फार लागतं.