खिडकीतली पाटी, खिडकीतला कप

नाटक बसवायला तीन महिने लागतात आणि ते दोन तासांत संपतं. तालमींचे किस्से मात्र काही केल्या संपत नाहीत. मी इंग्लंडमधल्या आमच्या लीड्सच्या हौशी नाट्यमंडळाची प्रॉम्प्टर. विंगेत संहिता धरून बसायचं, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि माझ्याकडे कुणी बघत नाही! यंदाच्या नाटकाने तर इतकं साठवून दिलंय की कुणी नुसतं "कसं झालं गं नाटक?" म्हटलं तरी मी सुरू होते.

नाटक आमच्या कांबळेकाकांच्या तरुणपणावर होतं. काका साठच्या दशकात बोटीने इथे आले आणि कापडगिरणीत लागले. बोटीवरच त्यांना जोशी भेटले आणि दोघांनी मिळून खोली शोधली. तेव्हा घरांच्या खिडक्यांत पाट्या असायच्या, 'खोली भाड्याने देणे आहे. काळ्यांनी विचारू नये.' जोशी आता नाहीत. काका पंच्याऐंशीचे आहेत, आणि प्रत्येक तालमीला पहिल्या रांगेत हजर!

*

खोली नाकारणारी घरमालकीण करायला कुणी तयार होईना. "मी काय तुम्हाला तशी वाटते?" असं तिघींनी मिलिंदला, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाला, सुनावलं. शेवटी सुलभाताई उभ्या राहिल्या. त्या वीस वर्षं जीपी सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला अपॉइंटमेंट द्यायला होत्या. "नाही म्हणायची मला प्रॅक्टिस आहे," म्हणाल्या.

नाही म्हणणं झकास जमलं. पण दार लावताना रोज तोंडातून निघायचंच, "या हं!" दारातल्या माणसाला 'जा' म्हणायची आपल्याला सवयच नाही ना! सातव्यांदा तेच झाल्यावर मिलिंदने कपाळाला हात लावला.

"ताई, तुम्ही वंशद्वेष करताय, हळदीकुंकू नाही!"

*

ती पाटी मिलिंदने स्वतः रंगवली. रंग वाळायला म्हणून कम्युनिटी हॉलच्या खिडकीत ठेवली आणि तशीच विसरून घरी गेला. सकाळी केअरटेकर ब्रायनचा मला फोन!

"बाहेर एक आजीबाई उभ्या आहेत. पाटी निघेपर्यंत हलणार नाही म्हणतात. पण हॉल तर तुमच्याच नावावर बुक आहे. तुम्ही स्वतःलाच बंदी घातलीय का?"

मी धावत गेले. आजीबाई गोऱ्या, हातात काठी, चेहरा लालबुंद. मी नाटकाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी काठी पाटीकडे केली.

"आमच्या खिडकीत अशीच होती. माझ्या आईने लावलेली," त्या म्हणाल्या आणि दोन तिकिटं घेऊन गेल्या.

*

जोशींची भूमिका त्यांच्याच नातवाने, रोहनने केली. त्याचा जन्म इथलाच, नोकरी लॉ फर्ममध्ये. पहिल्याच वाचनाला त्याने हात वर केला.

"काका, but that's illegal! तुम्ही कम्प्लेंट का नाही केला?"

"अरे, तेव्हा तसा कायदाच नव्हता."

"मग आला कधी?"

"आम्ही मागितल्यावर! मोर्च्यात तुझा आजोबा माझ्या पुढे चालत होता. छत्री त्याच्याकडे होती ना!"

आम्ही हसलो. पण खरं सांगते, मला इथे घर फोनवर बोटं फिरवून मिळालं. ते आधी कुणीतरी भिजत मागून ठेवलं होतं, हे मला कुठे माहीत होतं!

*

घरमालकिणीने दार लावल्यावर दोघं बॅगा घेऊन फुटपाथवर उभे होते. काका हे नेहमी हसतच सांगतात.

"जोशी रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, रडतोस काय लेका! गावात मला देवळाबाहेर उभं करायचे तेव्हा तुझ्यासारखे आत असायचे. आज पहिल्यांदा आपण दोघं एकाच दाराच्या बाहेर आहोत. समता आली की!"

*

पुढचा प्रसंग हसण्याचा नाही. तोही काकांनीच मिलिंदला सांगितला होता.

शेवटी दोघांना एका पोलिश बाईंकडे माळ्यावरची खोली मिळाली. पहिल्या सकाळी जोशींनी चहा केला. स्वतःचा कप टेबलावर ठेवला आणि काकांचा वेगळा, खिडकीत. असं चार महिने चाललं. मग एका रविवारी जोशींनी आपणहून तो कप उचलला, त्यातूनच एक घोट घेतला आणि टेबलावर ठेवला. त्यानंतर खिडकीत फक्त कुंडी राहिली.

हा सीन वाचल्यावर मंडळाच्या कमिटीत गदारोळ झाला. "प्रेक्षकांत सिटी कौन्सिलचे गोरे लोक असणार. आपल्या घरातलं इंग्रजांपुढे कशाला?" "जोशी गेले बिचारे, आता त्यांची बदनामी कशाला?"

काका सगळ्यांचं ऐकून मग बोलले. "जोशी माझा मित्र होता. तो बदलला, हे मला लोकांना सांगायचंय. पाटी दाखवणार असाल तर कपही दाखवा. नाहीतर माझी गोष्ट मला परत द्या."

सगळे रोहनकडे बघायला लागले. त्याला घरी यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. तो खाली मान घालून म्हणाला, "मी करतो."

*

प्रयोगाला हॉल गच्च भरला. कपाचा सीन आला. रोहनने चहा ओतला, एक कप टेबलावर ठेवला, दुसरा घेऊन खिडकीकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"खिडकीत ठेव," मी विंगेतून कुजबुजले.

तो हलेना. मी पुन्हा सांगितलं. त्याचे डोळे भरले होते. तो वळला आणि तो कप टेबलावर ठेवायला निघाला. आता पुढचा सीन करायचा कसा, मला कळेना. मिलिंदने तर डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका उभे होते.

"आधी खिडकीत ठेव, बाळा! नाहीतर तुझा आजोबा उचलणार काय?"